उडी आणि धार

गेल्या वर्षी माझी मुलगी चार इंच वाढली आणि तिची ॲक्सेल, म्हणजे फिगर स्केटिंगमधली एक उडी, हरवली. रिंकवर ‘हरवली’ हाच शब्द वापरतात. उडी बिघडली किंवा कच्ची झाली असे कोणी म्हणत नाही, कारण काल-परवापर्यंत सहज जमणारी उडी एका सकाळी खरोखरच सापडेनाशी होते. बोस्टनच्या पश्चिमेकडच्या आमच्या गावात रिंक पहाटे साडेपाचला उघडते, आणि शाळेआधीचा तो तासभर मी काचेमागच्या बाकावर थर्मासमधला चहा घेऊन बसलेली असते. बारा वर्षांची माझी मुलगी त्या सकाळी नेहमीच्याच कोपऱ्यातून आली, पात्याच्या दोन धारांपैकी डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर नेहमीसारखीच झुकली, वर गेली, आणि फेरा पुरा होण्याआधीच खाली आली. ती अकरा वेळा पडली. बाराव्या वेळी तिने उडी घेतलीच नाही. कठड्यापाशी येऊन उभी राहिली आणि हातमोजे काढून त्यांवरचा भुगा झटकत राहिली.

फिगर स्केटिंगमध्ये मुख्य उड्या सहा आहेत: टो लूप, सॅल्काव, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सेल. पहिल्या पाच पाठमोऱ्या घेतात, ॲक्सेल तेवढी समोर तोंड करून. उतरायचे मात्र प्रत्येक वेळी पाठमोरेच असते, त्यामुळे ॲक्सेलमध्ये अर्धा फेरा जास्तीचा येतो. एकेरी ॲक्सेल म्हणजे दीड फेरा आणि ट्रिपल ॲक्सेल म्हणजे साडेतीन. हवेत राहायला मिळणारा वेळ फार थोडा. अव्वल स्पर्धकांनाही पुरा एक सेकंद मिळत नाही. तेवढ्यात फिरायचे तर हात छातीशी, पाय एकमेकांशी आवळून सगळे अंग एका काडीसारखे करावे लागते, आणि ती काडी जितकी बारीक तितकी ती झपाट्याने फिरते. खांदे रुंदावले, कंबर भरली, पाय लांबले, की जोर तोच लावूनही फेरे कमी पडतात. यात मुलीचा आळस नसतो की निष्काळजीपणा नसतो. शाळेच्या पदार्थविज्ञानात शिकलेली गोष्टच इथे बर्फावर घडते. पण ती गोष्ट पोटच्या पोरीच्या बाबतीत घडते तेव्हा शाळेतले सूत्र आठवून काही समाधान होत नाही.

तिच्या त्या वेळच्या कोचने मला बाजूला घेतले आणि अगदी आपुलकीच्या सुरात सांगितले, की या वयात मुलींच्या जेवणाकडे थोडे लक्ष ठेवावे लागते. रागाने सांगितले असते तर मी भांडले असते. आपुलकीने सांगितल्यामुळे मला दोन दिवस काही सुचलेच नाही. तिसऱ्या दिवशी मुलीने शाळेच्या डब्यातली पोळी-भाजी जशीच्या तशी परत आणली, तेव्हा कळले की हे वाक्य तिलाही सांगून झाले होते. आम्ही कोच बदलला.

मी दादरला वाढले आणि सातव्या वर्षापासून दोरीचा मल्लखांब करत होते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोर धरून वर चढायचे, वर गेल्यावर त्याच दोराला अंगाभोवती वेढा देऊन उलटे लटकायचे, हे ज्याने केले आहे त्याला आपले वजन पेलण्यातला आनंद वेगळा सांगावा लागत नाही. तेराव्या वर्षी आजीने आईला सांगितले, ‘आता पोर मोठी झाली, पुरे झाले दोराला लटकणे.’ आई काही बोलली नाही आणि मीही बोलले नाही. माझ्या वेळी घराला माझे मोठे होणे खुपले होते, आणि इथे खेळालाच माझ्या मुलीचे मोठे होणे खुपत होते. हे लक्षात आल्यावर मी स्त्रियांच्या स्केटिंगच्या स्पर्धा निराळ्या नजरेने पाहू लागले. ही स्केटर कशात बळकट, ती कशात कच्ची, पुढच्या वर्षी कोणाचे दिवस येणार, ही चर्चा मी वर्षानुवर्षे ऐकत आले होते आणि चवीने करतही आले होते. आता त्या चर्चेतला प्रत्येक शब्द मला तपासून पाहावासा वाटू लागला.

तपासायला बसले तेव्हा पहिली गोष्ट ही दिसली, की या खेळात बळ आणि उणीव ही दोन्ही नियमपुस्तकाच्या आवृत्तीबरोबर बदलत आली आहेत. १९०२ च्या विश्व स्पर्धेत स्त्रियांनी उतरू नये असे नियमांत कोठे लिहिलेलेच नव्हते, म्हणून इंग्लंडची मॅज सायर्स पुरुषांबरोबर उतरली आणि दुसरी आली. पहिला आलेला स्वीडनचा उलरिक सॅल्काव, ज्याच्या नावाची उडी माझी मुलगी आजही रोज मारते. पुढे स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा निघाली, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सायर्सने सुवर्णपदक घेतले. त्यानंतरची कित्येक दशके या खेळाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग होता तो फिगर्सचा, ज्यांवरून खेळाचे नाव पडले. एका पायावर, एका धारेवर, बर्फावर इंग्रजी आठाच्या आकाराची रेघ काढायची, मग त्याच रेघेवरून पुन्हा जायचे, आणि परीक्षकांनी वाकून त्या रेघा पाहायच्या. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शूबा फ्री स्केटिंगमध्ये, म्हणजे संगीतावरच्या उड्या-गिरक्यांच्या भागात, सातवी आली आणि तरीही सुवर्णपदक तिला मिळाले, कारण फिगर्समध्ये तिच्या जवळपास कोणी नव्हते. जपानच्या मिदोरी इतोची गोष्ट नेमकी उलट. स्पर्धेत ट्रिपल ॲक्सेल मारणारी ती पहिली स्त्री. १९८९ मध्ये पॅरिसला ती विश्वविजेती झाली, आणि पुढच्याच वर्षी हॅलिफॅक्सला संगीतावरचे दोन्ही भाग, छोटा शॉर्ट प्रोग्राम आणि मोठा फ्री स्केट, जिंकूनही दुसरी आली. फिगर्समध्ये ती मागे पडली होती. त्या हंगामानंतर फिगर्सच स्पर्धेतून गेल्या आणि इतोची उणीव ज्या पानावर लिहिलेली होती ते पानच फाडले गेले.

टीव्हीवर रेघा पाहायला कोणाला आवडणार, हे कारण मला समजते. पण रेघा गेल्या तशी धारेची कदरही हळूहळू पातळ होत गेली, आणि उड्यांचा भाव चढत गेला.

तो भाव किती चढला हे २०१८ ते २०२२ या वर्षांत सर्वांनी पाहिले. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या पंधरा वर्षांच्या अलिना झागितोवाने फ्री स्केटमधल्या साऱ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या, कारण दमलेल्या पायांनी घेतलेल्या उडीला दहा टक्के गुण जास्त मिळत. तिच्याच देशाच्या येवगेनिया मेदवेदेवाचे आणि तिचे फ्री स्केटचे गुण अगदी सारखे, १५६.६५, आणि सुवर्णपदक शॉर्ट प्रोग्राममधल्या निसटत्या आघाडीवर झागितोवाला. नियम बदलला आणि उत्तरार्धाची सवलत शेवटच्या तीन उड्यांपुरती उरली; पण तोवर मॉस्कोतल्या कोच एतेरी तुत्बेरिद्झे यांच्या रिंकवर चौपट, म्हणजे हवेत चार फेऱ्यांच्या, उड्या मारणाऱ्या मुलींची पुढची फळी तयार झाली होती. तिहेरी लुट्झला मूळ गुण ५.९०, चौपट लुट्झला ११.५०. एका जादा फेऱ्याला जवळजवळ दुप्पट मोल मिळत असेल, आणि तो फेरा बहुतेक मुलींना चौदाव्या-पंधराव्या वर्षीच साधत असेल, तर कोच काय करतील आणि आईबाप काय करू देतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्याच फळीतल्या अलेक्सांद्रा ट्रुसोवाने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकाच फ्री स्केटमध्ये पाच चौपट उड्या मारल्या. त्या पाच उड्यांना मी यत्किंचितही कमी लेखत नाही. स्त्रीला हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना तिने कायमचे गप्प केले. पण त्या १७ फेब्रुवारी २०२२ च्या रात्रीचे मला आठवते ते दुसरेच. पंधरा वर्षांची कमिला वालिएवा, जिच्या डिसेंबरात घेतलेल्या नमुन्यात हृदयविकाराचे बंदी असलेले औषध सापडले होते, आणि जिला क्रीडा लवादाने खेळू दिले होते, ती साऱ्या जगासमोर पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. सुवर्ण जिंकलेली आना शेरबाकोवा एकटीच सोफ्यावर बसून होती, रौप्य मिळालेली ट्रुसोवा रडत होती. दोन वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, लवादाने वालिएवाला चार वर्षांची बंदी घालून तिचे निकाल रद्द केले. ते औषध तिच्यापर्यंत पोहोचले कसे, याची शिक्षा कोणा मोठ्या माणसाला झाल्याचे मी ऐकलेले नाही. मी एका वाढत्या मुलीची आई आहे, आणि या प्रकरणाकडे मला तिऱ्हाइताच्या नजरेने पाहता येत नाही.

या मुलींचे आयुष्य बर्फावर किती टिकते, तेही पाहावे. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण जिंकणारी रशियाची युलिया लिप्नित्स्काया एकोणिसाव्या वर्षी निवृत्त झाली, अन्न नकोसे होण्याच्या आजारावर उपचार घेऊन. झागितोवा सतराव्या वर्षी थांबली. उतरताना घोट्यावर, गुडघ्यावर, कमरेवर दर वेळी अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. जेवण तोडलेल्या मुलींच्या पाळ्या थांबतात, हाडांना बारीक तडे जातात. आपण ज्याला उणीव म्हणतो ती पुष्कळदा उपाशी हाडांची तक्रार असते.

त्या रात्री बीजिंगला तिसरी आली होती जपानच्या कोबे शहराची काओरी साकामोतो. वय २१. चौपट उडी नाही, ट्रिपल ॲक्सेलही नाही. इतकेच नव्हे, तिच्या लुट्झमध्ये उघड दोष आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. लुट्झ घ्यायची असते बाहेरच्या धारेवरून, म्हणजे स्केटर एका वळणावर झुकलेली असताना उडी त्या वळणाच्या विरुद्ध दिशेला फिरते. हे विरुद्ध जाणे अंगाला रुचत नाही, म्हणून शेवटच्या क्षणी घोटा आत कलंडतो, पाते आतल्या धारेवर येते, आणि लुट्झच्या नावाखाली फ्लिप होते. तांत्रिक परीक्षक चित्रण संथ करून तो क्षण पाहतात आणि गुण कापतात. साकामोतोची ही उणीव विशी ओलांडल्यावरही गेली नाही. पण तिचे बळ पाहायचे असेल तर तिची दुहेरी ॲक्सेल पाहावी. ती उडीच्या आधी थबकत नाही, दबा धरत नाही, अंगाची जुळवाजुळव करत नाही. धावत्या वेगातच वर जाते, रिंकच्या रुंदीचा केवढा तरी भाग हवेतून ओलांडते, आणि उतरते तेव्हा तिचा वेग कमी होण्याऐवजी वाढल्यासारखा वाटतो. असा वेग चौदाव्या वर्षी मिळत नाही. मांड्यांत ताकद यावी लागते, धारेवर विश्वास बसावा लागतो, आणि हजारो सकाळी त्यात घालाव्या लागतात. गाण्याच्या बैठकीत सोळा वर्षांच्या पोराची तान ऐकून आपण थक्क होतो, आणि एखादे पन्नाशीचे गवई नुसता षड्ज लावतात तेव्हा मांडी सावरून बसतो. साकामोतोची साधी धारही मी तशी सावरून बसून पाहते.

२०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन वर्षे ती विश्वविजेती झाली. अमेरिकेच्या पेगी फ्लेमिंगने १९६६ ते १९६८ मध्ये हे केले होते. त्यानंतर मधल्या इतक्या वर्षांत कोणा स्त्रीला ते जमले नव्हते. मार्च २०२२ पासून रशियाचे स्केटर आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर होते हे खरे, आणि ते असते तर काय झाले असते हा प्रश्नही रास्त आहे. पण बदल केवळ त्यांच्या अनुपस्थितीने झाला नाही. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने वरिष्ठ गटाचे किमान वय पंधरावरून दोन टप्प्यांत सतरावर नेले. कार्यक्रमाच्या गुणांचे पाच भाग होते ते तीन झाले: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य. हा तिसरा भाग म्हणजे धार.

गुणांचे एक गणित माझ्या मुलीने मला स्वयंपाकघरात, किराणा यादीच्या मागच्या बाजूला करून दाखवले. ट्रिपल ॲक्सेलचे मूळ गुण ८.००. फेरे पुरे करून पडलात तर निम्मे जातात, उरतात ४.००; पडल्याचा दंड म्हणून आणखी एक वजा, हाती येतात ३.००. दुहेरी ॲक्सेलचे मूळ गुण फक्त ३.३०, पण ती अप्रतिम घेतली तर निम्म्यापर्यंत भर पडते, म्हणजे जवळपास ४.९५. नीट उतरलेली ट्रिपल ॲक्सेल मात्र या दोन्हींच्या कितीतरी पुढे. म्हणजे अवघड उडी कार्यक्रमात ठेवायची की नाही, हा प्रश्न प्रत्येक स्केटरने त्या दिवशीच्या स्वतःच्या घोट्याला विचारायचा असतो. अमेरिकेची अँबर ग्लेन तो प्रश्न रोज विचारते. २०१४ मध्ये ती देशाची कनिष्ठ विजेती होती. वरिष्ठ विजेतेपद मिळाले ते दहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी. मधल्या काळात मनाच्या आजाराशी झालेल्या झगड्याबद्दल ती मोकळेपणाने बोलली आहे. तिची ट्रिपल ॲक्सेल बसते तेव्हा ती कोणालाही हरवू शकते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने ग्रां प्री या स्पर्धामालिकेची फायनल तशीच जिंकली. आणि बसली नाही की काय होते, ते आम्ही आमच्याच शहरात पाहिले.

मार्च २०२५ मध्ये विश्व स्पर्धा बोस्टनला होती. त्या वेळी आमच्या भागातला स्केटिंगचा सारा गोतावळा दुःखात बुडालेला होता. २९ जानेवारीला वॉशिंग्टनजवळ झालेल्या विमान अपघातात ६७ माणसे गेली, त्यांतली २८ स्केटिंगच्या कुटुंबातली होती. विचिटा शहरातले शिबिर आटोपून परतणारी मुले, त्यांचे आईबाप, त्यांचे कोच. पहाटेच्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या बायका आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. येऊन नुसत्या शेजारी बसत होत्या. मुलांनी जाहिरातफलकाच्या कठड्याशी फुले ठेवली. माझ्या मुलीने त्या आठवड्यात ॲक्सेलचे नाव काढले नाही.

स्त्रियांच्या फ्री स्केटची, २८ मार्चच्या शुक्रवारची, तिकिटे मी आधीच काढून ठेवली होती. जागा अगदी छताखालच्या. तिथून माणसे बाहुल्यांएवढी दिसतात, पण वाट दिसते. टीव्हीवर कॅमेरा स्केटरच्या मागे धावत असतो, त्यामुळे ती किती बर्फ व्यापते ते कळतच नाही. वरून मात्र सारा नकाशा उलगडतो. कोण कोपऱ्यापर्यंत जाते, कोण मधल्या मध्ये वळते, उडीआधी कोणाला किती लांबून तयारी करावी लागते, हे एखाद्या रांगोळीसारखे समोर मांडलेले असते. अमेरिकेच्या इझाबो लेविटोच्या हातांची डौलदार रेषा आणि तिच्या उड्यांची कमी उंची दोन्ही तिथून स्पष्ट दिसली. जपानची मोने चिबा पावलांनी इतकी हलकी, की पात्याचा आवाज संगीतात विरून जात होता. ग्लेन शॉर्ट प्रोग्राममध्ये ट्रिपल ॲक्सेलवर पडून नवव्या क्रमांकावर गेली होती. त्या शुक्रवारी ती वर चढत पाचवीपर्यंत आली. साकामोतोही शॉर्टमध्ये पाचवी होती. ती आली आणि पहिल्याच फेरीत सभागृहाची हवा बदलली. माझी मुलगी कुजबुजली, “आई, तिचे स्केट्स ऐकू येताहेत.” इतक्या वरपर्यंत तो आवाज खरोखर पोहोचत होता, दाट कापड एका झटक्यात फाडावे तसा. धार खोल असली की असा आवाज येतो.

सर्वांत शेवटी आली अलिसा लू. तेराव्या वर्षी ती अमेरिकेची आजवरची सर्वांत लहान राष्ट्रीय विजेती झाली होती. तेव्हा तिच्याकडे ट्रिपल ॲक्सेल होती, पुढच्याच हंगामात चौपट लुट्झ आली, आणि देशाच्या सगळ्या अपेक्षाही तिच्यावर होत्या. बीजिंगला ती खेळली, त्यानंतर विश्व स्पर्धेत तिने कांस्य जिंकले, आणि सोळाव्या वर्षी तिने निवृत्ती जाहीर केली. दोन वर्षे ती स्केटिंगपासून दूर राहिली. नेपाळात जाऊन एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत चालून आली, विद्यापीठात दाखल झाली, आणि मग बर्फावरच्या घसरण्याची आठवण तिला पुन्हा रिंकवर घेऊन आली. या वेळी संगीत, पोशाख, सरावाचे वेळापत्रक हे सारे ती स्वतः ठरवते. बोस्टनच्या त्या रात्री तिच्या कार्यक्रमात ट्रिपल ॲक्सेल नव्हती, चौपट उडी नव्हती. डिस्कोच्या काळातले गाणे होते, एकामागून एक उतरलेल्या तिहेरी उड्या होत्या, आणि चेहऱ्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसू होते. २२२.९७ गुणांनी ती विश्वविजेती झाली. २००६ नंतर हे पद जिंकणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. साकामोतो दुसरी, चिबा तिसरी.

तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर तेरा वर्षांची अलिसा एकोणीस वर्षांच्या अलिसापेक्षा ‘बळकट’ होती. हे वाक्य मी त्या रात्री गाडीत म्हणाले आणि मागच्या सीटवरून ठाम उत्तर आले, “तेव्हा ती अशी स्केट करू शकली असती का पण?” मी गप्प बसले. तिला ते उत्तर माझ्याकडून नको होते.

फेब्रुवारी २०२६ चे मिलानचे ऑलिंपिक तोंडावर आले तेव्हा भाकितांना ऊत आला होता. साकामोतोने तो आपला शेवटचा हंगाम असल्याचे जाहीर केले होते. तटस्थ खेळाडू म्हणून प्रवेश मिळालेली रशियाची अदेलिया पेत्रोस्यान चौपट उड्या घेऊन येणार होती. सप्टेंबर २०२५ मध्ये बीजिंगला झालेल्या पात्रता स्पर्धेतून ती आत आली होती. जपानच्याच सतरा वर्षांच्या आमी नाकाईकडे ट्रिपल ॲक्सेल होती आणि तिने वरिष्ठ गटातल्या पहिल्याच ग्रां प्रीत, फ्रान्समध्ये, साकामोतोला मागे टाकले होते. आणि जिच्याकडे ट्रिपल ॲक्सेलही आहे आणि चौपट टो लूपही, ती जपानची माओ शिमादा मिलानला नव्हती. तोवर लागोपाठ तीन वर्षे कनिष्ठ विश्वविजेती झालेली ही मुलगी ऑक्टोबर २००८ ची, म्हणजे नाकाईपेक्षा सहाच महिन्यांनी लहान. १ जुलै २०२५ पूर्वी सतरा पूर्ण हवेत या नियमात ती बसत नव्हती. तिचे नाव ठेवले आहे जपानची आधीच्या पिढीतली स्केटर माओ असादा हिच्यावरून, आणि असादाही २००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकला वयाच्या अशाच अटीमुळे ८७ दिवसांनी मुकली होती, तेही त्याच हंगामात ग्रां प्री फायनल जिंकून.

या नियमाने कोणावर तरी अन्याय होणार हे मला दिसते, आणि तरीही मी नियमाच्या बाजूने आहे. असादाचेच उदाहरण घेते. वयात बसली असती तर ट्युरिनला पंधराव्या वर्षी तिने सुवर्ण जिंकलेही असते, आणि मग कदाचित आपण तिचे सोची पाहिलेच नसते. २०१४, तेविसावे वर्ष. शॉर्ट प्रोग्राममध्ये ती पडली आणि सोळावी राहिली. पदक हातचे गेले होते. दुसऱ्या दिवशी ती उतरली, ट्रिपल ॲक्सेल मारली, एकेक करून सगळ्या जातींच्या तिहेरी उड्या मारल्या, आणि शेवटच्या मुद्रेत मान वर करून उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा आधी रडवेला झाला आणि मग हसरा. सहावी आली. त्या वर्षी पहिले कोण आले हे आठवायला मला थोडा विचार करावा लागतो. असादाची ती चार मिनिटे मात्र डोळ्यांपुढून जात नाहीत. मुलींना तेविसाव्या वर्षापर्यंत पोहोचू द्यायचे असेल तर पंधराव्या वर्षी त्यांना जपावे लागेल, एवढेच मला या खेळाच्या भवितव्याविषयी ठामपणे म्हणायचे आहे. नाकाईने, शिमादाने आपापली ट्रिपल ॲक्सेल पंचविशीपर्यंत सांभाळावी असे मला मनापासून वाटते, आणि ती हरवली तरी त्यांनी थांबू नये असे त्याहून अधिक वाटते.

भारतातल्या मुलींचा मार्ग अजून याच्याही आधीच्या वळणावर आहे. तारा प्रसादसारखी अमेरिकेत वाढलेली मुलगी भारताचा झेंडा घेऊन आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरते याचा अभिमान वाटतो. पण सिमल्याची हिवाळ्यापुरती उघड्यावरची रिंक आणि डेहराडूनची मोठी बंदिस्त रिंक एवढ्या भांडवलावर पुण्या-मुंबईच्या मुलीला बर्फ भेटणार कधी? चाकांच्या स्केट्सवर आपल्या मुली किती तयार आहेत हे मी सुट्टीत पाहिले आहे. त्यांना बाकी काही शिकवावे लागणार नाही.

माझ्या मुलीची नवी कोच साठीच्या घरातली आहे. फिगर्सच्या काळात ती स्वतः स्पर्धा करत असे. तिने पहिल्या दिवशी मुलीला उडी मारायला लावलीच नाही. मशीन फिरून गेल्यावरच्या कोऱ्या बर्फावर तिला एका कोपऱ्यात नेले आणि डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर एक वर्तुळ काढायला सांगितले, मग उजव्या पायाने शेजारी दुसरे, असा आठ. त्यानंतर पुन्हा त्याच रेघेवरून. जेवणाविषयी तिने एकच प्रश्न विचारला: पहाटे घरून खाऊन येतेस ना? आता मी रोज पावणेपाचला उठून पोहे किंवा शिरा करते आणि मुलगी गाडीत डबा चाटून पुसून संपवते.

वर्ष झाले. ॲक्सेल अधूनमधून येते, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. आली तरी कोणी टाळ्या वाजवत नाही आणि नाही आली तर कोणी मोजत नाही, मीसुद्धा नाही. काल सकाळी वीस मिनिटे ती नुसते आठ काढत होती. शेवटच्या फेऱ्यानंतर ती थांबली, गुडघ्यांवर बसली, आणि हातमोजा काढून पहिल्या व दुसऱ्या रेघेमधल्या अंतरावर आपली करंगळी आडवी ठेवली. कोचही तिच्या शेजारी कशीबशी गुडघे टेकून बसली. दोघी बराच वेळ त्या रेघांकडे बघत काहीतरी बोलत होत्या. काचेमुळे मला ऐकू आले नाही. मग बर्फ सपाट करणारे मशीन दारातून आत शिरले, आणि मुलीने कोचला हात देऊन उठवले.